संगणकाची घरघर आणि ज्येष्ठांचे कान

“डॉक्टर, मुलाचा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत,” अशी तक्रार घेऊन आलेल्या ज्येष्ठांना मी हल्ली कान तपासण्याआधी एक प्रश्न विचारतो : मुलाशी बोलता ते मोबाइलवरून, की संगणकावरून? संगणकावरून, असे उत्तर आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : संगणकाची पेटी कुठे ठेवली आहे, आणि ती आवाज करते का? पेटी बहुधा टेबलावर, पडद्याशेजारी असते. आवाजाबद्दल मात्र रुग्ण म्हणतात, “नाही हो, तसा काही आवाज नाही,” आणि त्याच वेळी सोबत आलेल्या पत्नी किंवा सूनबाई म्हणतात, “अहो, गिरणीसारखा चालतो तो!” दोघेही खरेच बोलत असतात.

वयानुसार श्रवणशक्ती उतरते ती सर्व आवाजांच्या बाबतीत सारखी उतरत नाही. वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, खालच्या पट्टीतले जाड आवाज बराच काळ शाबूत राहतात. बोलण्याचा मोठेपणा अ, आ, ओ अशा स्वरांमुळे येतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. बोलण्याचा अर्थ मात्र व्यंजनांवर उभा असतो आणि स, श, फ, ख, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असून मुळातच क्षीण असतात. म्हणून ज्येष्ठांना ‘ऐकू येते, पण कळत नाही’. ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे, तिला हट्ट किंवा दुर्लक्ष समजू नये.

आता या अवस्थेतल्या कानापासून हातभर अंतरावर एक पंखा अखंड घरघरतो आहे, अशी कल्पना करा. जाड आवाज बारीक आवाजाला सहज झाकून टाकतो, बारीक आवाज जाड आवाजाला तितका झाकू शकत नाही, हा श्रवणाचा जुना नियम आहे. म्हणजे जी व्यंजने आधीच पुसट झाली आहेत, नेमकी तीच घरघरीखाली गाडली जातात. एकसुरी आवाजाची मेंदूला लवकर सवय होते, त्यामुळे रुग्णाला तो ‘ऐकू’ येत नाही. आवाजाने होणारे नुकसान मात्र थांबत नाही. ज्यांचे कान कमकुवत आहेत त्यांना बोलणारा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा सुमारे १५ डेसिबलने तरी वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. तरुण कानाला त्याहून पुष्कळ कमी फरक पुरतो. त्यामुळे त्याच खोलीत, त्याच संगणकावर नातवाला सारे स्पष्ट कळते आणि आजोबा दर वाक्याला “काय?” म्हणतात.

हा केवळ गप्पांमधला व्यत्यय असता, तर मी या पाक्षिकाची पाने अडवली नसती. आमच्याच भागातले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ इन्सुलिन घेतात. पावसाळ्यात पुण्याला जाणे टाळून ते आपल्या मधुमेहतज्ज्ञांशी संगणकावरून बोलत असत. एकदा रात्रीचा डोस बदलला. डॉक्टर म्हणाले, “सहा युनिट.” यांनी ऐकले, “दहा युनिट.” आपणच म्हणून पाहा : सहा, दहा. दोहोंत फरक आहे तो केवळ पहिल्या व्यंजनाचा, आणि त्यातला ‘स’ हा म्हाताऱ्या कानाला सर्वांत आधी सोडून जाणाऱ्यांपैकी. त्यांच्या पत्नीने वही पुढे ओढून, “सहा की दहा? पाचनंतरचा सहा ना?” असे पुन्हा विचारले, म्हणून गोष्ट तिथेच मिटली. सहाऐवजी दहा युनिट गेले असते, तर पहाटे साखर उतरून काय झाले असते हे मधुमेहींच्या घरी सांगावे लागत नाही. दूरसल्ला आता सर्रास घेतला जातो. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवाही अनेक कुटुंबे वापरतात. अशा सल्ल्यातला प्रत्येक आकडा दोनदा विचारून घ्यावा, मोबाइलवर लिहून मागावा आणि बोलण्यापुरती तरी खोली शांत असावी, एवढे पथ्य आपण अवश्य पाळावे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. यंत्र मुलाचा आवाज वाढवते तसा पंख्याचाही वाढवते. नव्या यंत्रांत एकसुरी आवाज दाबण्याची सोय असते, पण ती सारा आवाज पुसू शकत नाही. परिणामी संगणकापुढे बसताना यंत्र काढून ठेवले जाते आणि हळूहळू ते कपाटातच राहते. हजारो रुपयांचे यंत्र चारशे रुपयांच्या पंख्यापायी निरुपयोगी व्हावे, हे मला तरी पटत नाही.

आवाज संगणकाचा की कानाचा?

खर्चाचा विचार करण्याआधी एक चाचणी घरीच करावी. रात्री निवांत वेळी संगणक पूर्ण बंद करावा, छताचा पंखाही बंद करावा आणि दोन मिनिटे स्वस्थ बसावे. घूं घूं किंवा सूं सूं असा आवाज तरीही चालू राहिला, तर तो संगणकाचा नव्हे. त्याला कर्णनाद म्हणतात. कानात साचलेला मळ हे त्याचे सर्वांत साधे कारण, वयोमानाने झालेली श्रवणहानी हे सर्वांत नेहमीचे. ॲस्पिरिनचे मोठे डोस, लघवी वाढवणारी काही औषधे, काही प्रतिजैविके यांनीही कर्णनाद होतो. मात्र म्हणून स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा नाद, फक्त एकाच कानातला नाद किंवा सोबत चक्कर असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आणि एका कानाचे ऐकू येणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर ‘पाहू आठवडाभर’ असे म्हणू नये; त्या उपचारात प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

ज्यांना कर्णनाद आहे त्यांनी खोली अगदी निःशब्दही करू नये. पूर्ण शांततेत नाद अधिक जाणवतो. मंद फिरणारा छताचा पंखा त्यांना उलट सुखावह वाटतो.

संगणक बंद करताच आवाज थांबला आणि जिवाला हायसे वाटले, तर मात्र पुढचा मजकूर आपल्यासाठी आहे.

कुसगावचा पाऊस आणि पंख्याची पाती

आमच्या गावचा एक विशेष येथे सांगायला हवा. लोणावळ्याच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर धुके घरात शिरते, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. संगणकाच्या आतली धूळही या दिवसांत ओलसर होते आणि पात्यांवर नमद्यासारखी घट्ट बसते. एका पात्यावर थोडी जास्त, दुसऱ्यावर कमी, असे झाले की पंख्याचा तोल जातो आणि तो थरथरू लागतो. जाळी बुजल्यामुळे आत हवा येत नाही, आतले भाग तापतात. तापले की संगणक आपण होऊन पंख्याचा वेग वाढवतो. म्हणजे बहुतेक घरांत पंखा खराब झालेला नसतो. त्याचा श्वास कोंडलेला असतो. दम्याच्या रुग्णाची छाती भाता होऊन चालते, तसेच हे.

त्यात बहुसंख्य घरांतला संगणक हा मुलांनी पुण्याला किंवा परदेशी जाताना मागे ठेवलेला, आठ-दहा वर्षांचा असतो. पावसाळ्यात तो महिनोन्महिने बंद राहतो आणि गणपतीला एकदम सुरू होतो. मग पहिले दहा मिनिटे तो कण्हतो. पंख्याच्या बेअरिंगमधले वंगण आटल्याची ही खूण होय. गावात द्रुतगती मार्गाजवळ राहणाऱ्यांच्या कानी वाहनांची गाज सतत असते, पण मार्गापासून आत, शेताकडच्या घरांत रात्री इतकी शांतता असते की हाच कण्हण्याचा आवाज भिंतीपलीकडे पोहोचतो. सतत चालणारा आवाज शयनगृहात ३० डेसिबलच्या वर असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. झिजलेल्या पंख्याचा संगणक ही मर्यादा सहज ओलांडतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रात्री रुग्णाची क्षीण हाक किंवा ऑक्सिजन यंत्राची सूचक शिटी आपल्या कानी पडायला हवी. त्या खोलीत संगणक चालू ठेवून झोपू नये.

म्हणून पहिला उपाय साफसफाईचा. वीजजोडणी काढून पेटी अंगणात किंवा गच्चीवर न्यावी, बाजूचे झाकण उघडावे, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पाती काडीने किंवा बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा अवाच्या सवा वेगाने फिरून बेअरिंग बिघडते. ज्यांना दमा किंवा जुनाट खोकला आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये आणि जवळही उभे राहू नये. त्या धुळीत बुरशीचे कण असतात. करणाऱ्याने नाकातोंडावर मास्क बांधावा. ज्या डब्यात विजेची मुख्य वायर जाते तो, म्हणजे एसएमपीएस, कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक विद्युतभार शिल्लक असतो.

दुसरा उपाय जागेचा. पेटी टेबलावरून खाली उतरवून लाकडी पाटावर ठेवावी. थेट फरशीवर नको, कारण ओल आणि केर दोन्ही तिथे जास्त. पेटीच्या पायांखाली जुन्या माऊस पॅडचे तुकडे ठेवले, की टेबल किंवा पाट थरथरून होणारी गुणगुण थांबते. मागे भिंतीपासून वीतभर अंतर हवे. आणि पेटीवर घातलेले भरतकामाचे सुंदर आवरण संगणक चालू असताना काढून ठेवावे! आपल्याकडे प्रत्येक यंत्राला झबले शिवण्याची हौस मोठी. पण संगणकाला त्यात ताप येतो.

एवढ्यावर निम्म्या घरांतले काम भागते, असा माझा अनुभव आहे.

तरीही पंखा बदलायचा असेल तर

आधी आवाज कोणत्या पंख्याचा हे शोधावे. पेटीत बहुधा तीन पंखे असतात : प्रोसेसरवरचा, एसएमपीएसमधला आणि पाठीमागे हवा बाहेर टाकणारा. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक, पात्यांना न टेकवता, एकेका पंख्याजवळ न्यावे. दोषी लगेच कळतो. १८१६ साली लायनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची अशीच सुरळी करून रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आमच्या गळ्यात लटकणारे साधन त्याचाच वारस. ही तपासणी अर्थात घरातल्या उत्तम कानाच्या माणसाने करावी. प्रोसेसरवरचा पंखा दोषी असेल, तर तंत्रज्ञाकडून त्याखालची वाळलेली उष्णतावाहक पेस्ट बदलून घ्यावी. एसएमपीएसचा असेल, तर तो अख्खा डबाच बदलावा लागतो. पाठीमागचा असेल, तर काम सर्वांत स्वस्त आणि सोपे.

पंख्याच्या खोक्यावर बरेच आकडे छापलेले असतात. त्यांतले दोनच आपल्या कामाचे : आकार आणि फेरे. ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटर हे नेहमीचे आकार. तत्त्व असे की मोठा पंखा संथ फिरूनही पुरेशी हवा हलवतो. ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेऊन जेवढे काम करतो, जवळपास तेवढे १२० मिलिमीटरचा पंखा ८०० फेऱ्यांत करतो. आणि फेरे कमी झाले की आवाज झपाट्याने उतरतो. ढोबळ हिशेब असा, की वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने कमी होतो. वर सांगितलेला ‘१५ डेसिबलचा फरक’ आठवा. कमकुवत कानाला नेमके तेवढेच हवे असते. म्हणून पेटीच्या मागच्या बाजूला १२० मिलिमीटरच्या पंख्याची भोके असतील, तर लहान पंखा मुळीच घेऊ नये. दुकानदार ‘जास्त हवेचा, २००० फेऱ्यांचा’ पंखा पुढे करतो. पत्र, बँक आणि व्हिडिओ कॉल एवढ्याच कामाच्या संगणकाला त्याची गरज नसते.

डेसिबलच्या आकड्यावर फार विसंबू नये. प्रत्येक कंपनी मोजमाप आपापल्या पद्धतीने करते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

पंख्याच्या वायरला तीन किंवा चार छिद्रांचे टोक असते. शक्यतो चार छिद्रांचे, म्हणजे ‘पीडब्ल्यूएम’ असे लिहिलेले, घ्यावे. त्यामुळे मदरबोर्ड गरजेपुरताच वेग ठेवू शकतो. काही स्वस्त पंखे थेट एसएमपीएसच्या जाड जोडणीला लावायचे असतात. ते अहोरात्र पूर्ण वेगाने फिरतात. पंख्याइतके पैसे वाचवून आपण घरघर विकत आणतो. बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञाला स्पष्ट सांगावे : “बायॉसमध्ये जाऊन पंख्याचा वेग ‘सायलेंट’वर ठेवा आणि अर्धा तास चालवून तापमान दाखवा.” हे काम पाच मिनिटांचे आहे, पण न सांगता सहसा केले जात नाही.

बेअरिंगबद्दल थोडे. सर्वांत स्वस्त ‘स्लीव्ह’ बेअरिंग सुरुवातीला शांत असते, पण उष्णतेत त्याचे वंगण लवकर आटते आणि वर्षा-दोन वर्षांत ते कण्हू लागते. ‘फ्लुइड’ किंवा ‘हायड्रॉलिक’ असे लिहिलेले थोडे महाग, शांत आणि टिकाऊ. ‘बॉल’ बेअरिंग दीर्घायुषी, पण त्याची किंचित किरकिर असते; शयनगृहात नको. रंगीत दिव्यांचे पंखेही टाळावेत. त्यांनी हवा अधिक येत नाही आणि रात्री अंधारात लुकलुकणारा निळा-जांभळा उजेड ज्येष्ठांच्या आधीच उथळ असलेल्या झोपेला पोषक नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तर तो घाबरवू शकतो.

किमतीचे म्हणाल, तर साधा बरा १२० मिलिमीटरचा पंखा साधारण तीन-चारशे ते सात-आठशे रुपयांत मिळतो. कूलर मास्टर, डीपकूल, आर्क्टिक ही नावे दुकानांत दिसतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे पंखे शांततेसाठी नावाजलेले आहेत, पण त्यांची किंमत कितीतरी पट. जुन्या संगणकासाठी इतका खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. लोणावळ्यात हवा तो आकार मिळाला नाही, तर पुण्याच्या लोकलने कोणी जाणारे-येणारे असतेच; मुंबईला जाणाऱ्यांना लॅमिंग्टन रोड ठाऊक असतो. मागवताना वॉरंटीचा काळ पाहावा. दोन वर्षांहून कमी असेल, तर बेअरिंगवर कंपनीचाच भरवसा कमी आहे असे समजावे.

काही चतुर मंडळी आवाजावर उपाय म्हणून पंख्याची वायरच काढून ठेवतात. असे कदापि करू नये. संगणक तापून ऐन बोलण्यात बंद पडतो, हार्डडिस्कचे आयुष्य घटते आणि नातवंडांचे त्यातले फोटो धोक्यात येतात.

पंखा बसवताना दिशा चुकण्याचा संभव मोठा. पुढून थंड हवा आत आणि मागून गरम हवा बाहेर, हा क्रम. पंख्याच्या ज्या बाजूला कंपनीचे लेबल आणि आधाराचे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची तर मागच्या जाळीजवळ उदबत्ती धरावी. धूर पेटीपासून दूर जायला हवा. घरात दमेकरी असेल तर उदबत्तीऐवजी टिश्यू पेपरची पट्टी धरावी. स्क्रूऐवजी रबरी खिळे मिळाले तर तेच वापरावेत, थरथर पेटीच्या पत्र्यात उतरत नाही.

दुकानात जाणाऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यावी, तोंडी निरोप नको. तिच्यावर एवढे लिहावे : “कॅबिनेटसाठी पंखा, १२० मिमी (आधी जुना मोजून घ्यावा), चार पिनचा, पीडब्ल्यूएम, कमाल १२०० ते १५०० फेरे, फ्लुइड किंवा हायड्रॉलिक बेअरिंग, दिव्याशिवाय.” जुना पंखा सोबत पाठवला तर उत्तमच. नवा बसवल्यावर त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावून, पडद्याकडे न पाहता, त्याला एक ते वीस आकडे उलटसुलट वाचायला सांगावे आणि आपण ते कागदावर लिहावेत. सहा, सात, दहा, सोळा आणि सतरा नीट उतरले आहेत का, ते पाहावे. चुका होत असतील, तर तो कागद घेऊन श्रवणतपासणीला यावे.